फ्यूज नसलेली तार

१० जानेवारी, शनिवार

आणि मी चोर नाय. पन्नास वेळा तोंडानं सांगून झालं, आता लिहून ठेवतो. चोर रात्री नेतो. मी बाची व्हॅन भर दुपारी नेली. माय दारात उभी होती, शेजारचे धोंडिबाकाका "येऊ दे, येऊ दे" करत हात दाखवत होते, आणि बा ओट्यावर बसून सगळं बघत होता. नजर अधू झाल्यापासून त्यानं स्टेअरिंगला हात लावला नव्हता. गाडी दारात उभी राहून टायरं चपटी होत चालली होती. मी म्हणलं, संभाजीनगरला नेतो, वाळूजला कंपन्या हायेत, माणसं ने-आण करतो. तो म्हणला, "तुझं एका जागी बूड टेकत नाय, तू काय धंदा करणार? नेलीस तर चोर समजीन." नेली. पाच महिने झाले, समजतोय. बोलत नाय.

आज हे सगळं उकरायचं कारण, तीच व्हॅन आज मेली. सेल्फ मारला तर नुसतं टक्. परत मारला, परत टक्. तिकडं रांजणगावच्या चौकात पाच बाया डबे घेऊन उभ्या. त्यांची पहिली पाळी सातची. सात दहानंतर अर्धा रोज कापतात, सव्वासातला गेटच बंद. बद्रीनाथला, माझ्या रूमच्या जोडीदाराला, उठवून धक्का मारायला लावलं. तो बनियनवर, पायात चप्पल नाय, शिव्या देत पळतोय. गाडी चालू झाली, पण गेटवर पोचलो सात बाराला. उतरताना सुलेखाताई म्हणल्या, "सम्यक, झोपती तुझी गाडी आन रोज बुडतो आमचा." बाकीच्या चौघी माझ्याकडं न बघता निघून गेल्या. ते जास्त लागलं.

बायांचा ठेकेदार रामकिसनशेठ. त्यानं बोलावून सांगितलं, महिनाभर बघतो, तीनदा उशीर झाला की दुसरी गाडी लावतो. आजचा पहिला धरला.

आणि त्यातच मायचा फोन. "कुठं हाइस? जेवलास का?" सकाळी आठ वाजता कोण जेवतं? धड उत्तर न देता ठेवून दिला.

११ जानेवारी, रविवार

आज एका झटक्यात चालू. जसं काल काही झालंच नाय.

ही वही बाची आहे. गाडीच्या खणात होती. पुढून त्यानं तारखा आणि किलोमीटर लिहिलेत, वीस वर्षं सेनगाव-हिंगोली फेऱ्या मारल्या त्याच्या. मी मागून सुरुवात केली. सातवीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते अजून ठरलं नाय, पण लिहायला येतं. बोलायला माणूस नसलं की येतंच.

१४ जानेवारी, बुधवार

बद्री म्हणतो बॅटरी गेली. बद्री वैजापूरचा, प्रेस मशीनवर काम करतो, गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नाय, पण मत सगळ्यात आधी त्याचं. तरी त्याचं ऐकून जुनी बॅटरी बदलून दुसरी जुनी बॅटरी आणली. टर्मिनलवर हिरवट फुलोरा आला होता, तो गरम पाण्यानं धुतला, घासला, वरून ग्रीस लावलं. चार दिवस काही तक्रार नाय.

घरमालकीण आशाबाई तिळगूळ घेऊन आल्या आणि अंगणात ग्रीसचे डाग बघून म्हणल्या, "गोड बोल म्हणायला आले व्हते, पण आता काय बोलू?" पोतं टाकून पुसून काढलं.

१७ जानेवारी, शनिवार

परत.

तेच टक्. तेच बद्री, तेच धक्के. या वेळी गल्लीच्या उतारापर्यंत ढकलावी लागली. गेटवर सात वीस. वॉचमननं बायांकडं बघून नुसती मान हलवली. पाचही जणी परत गाडीत येऊन बसल्या आणि मी त्यांना परत रांजणगावला सोडलं. सुलेखाताईंनी डबा उघडला आणि तिथंच खाल्ला. म्हणल्या, "घरी नेऊन तरी काय करू?"

दोन झाले. तिसऱ्याला संपलं. धंदा गेला तर व्हॅन घेऊन सेनगावजवळच्या आमच्या गावाला जायचं, आणि बा ओट्यावर बसून म्हणणार, बूड टेकत नाय.

मायचा फोन, सव्वाआठला. "बरा हाइस नव्हं?" माझ्या मायला काय पनवती लागलीय कळत नाय. एरवी आठ-आठ दिवस फोन नाय. गाडी मेली की नेमका येतो. मागच्या शनिवारी तसंच, दिवाळीत लाईट चालू राहून बॅटरी उतरली तेव्हाही तसंच. बद्री म्हणला, "तुझ्या मायच्या अंगात देव येतो का?" मी म्हणलं, आमच्यात देव नसतो. तो म्हणला, "मग फोनात असंल."

१८ जानेवारी, रविवार

उस्मानपुऱ्यात लतीफचाचा म्हणून म्हातारे इलेक्ट्रिशियन आहेत. दुकान म्हणजे एक टपरी, वर जुने डायनामो टांगलेले. बाया सोडून तिकडं गेलो. मी सगळं सांगितलं, दुसरी बॅटरी टाकली, टर्मिनल घासले, डायनामो चार्जिंग करतो का ते मीटरवर बघून घेतलं, साडेतेरा-चौदा व्होल्ट दाखवतो.

चाचांनी हातातलं काम न सोडता विचारलं, "मरती कब?"

"सकाळी."

"अरे सकाळी तो सबकी मरती. वार बोल."

वार म्हणलं की मला कळलं. दोन्ही वेळा शनिवार. कंपनीला सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी दुपारी उभी केलेली गाडी शनिवारीच हलते. रोज चालते तेव्हा मरत नाय.

"बस," चाचा म्हणले. "बैटरी को गाली नक्को दे. उसको कोई पी रा बैठे बैठे. चाबी बंद, गाडी बंद, तरीबी कोई पी रा. वो कौन, वो ढूंढ."

मी म्हणलं, तुम्हीच बघा ना. ते म्हणले, दोन दिवस गाडी ठेवावी लागेल. दोन दिवस कुठून आणू? मग त्यांनी रीत सांगितली. पार्किंगचा बारका बल्ब घ्यायचा, त्याला दोन तारा. बॅटरीचा मायनस काढायचा आणि मायनस आणि त्याच्या तारेच्या मधी बल्ब बसवायचा. सगळं बंद असताना बल्ब पेटला तर कोणीतरी पितंय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, चोर त्या लायनीत.

चोर शब्द त्यांनीच काढला.

२१ जानेवारी, बुधवार

थकवा. फेऱ्या सकाळी एक, दुपारी एक, मधी वाळूजमध्ये टेम्पोवाल्याच्या हाताखाली माल उतरवतो. शुक्रवारची वाट बघतोय. माणसं सुट्टीची वाट झोपण्यासाठी बघतात.

२३ जानेवारी, शुक्रवार

सगळं नीट लिहितो, नाहीतर माझाच मला विश्वास बसायचा नाय.

सकाळी नऊला अंगणात व्हॅन घेतली. आशाबाईंच्या तांदूळ निवडायच्या वेळेला, म्हणजे त्या समोरच बसलेल्या. सीट उचलली, मायनस काढला, बल्ब लावला. बल्ब पेटला. पेटला म्हणजे काय, विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाएवढा लाल. हातानं आडोसा केला तेव्हा दिसला. पण पेटला. दारं बंद, आतला दिवा बंद, टेप नाय, काही नाय, आणि तरी पितंय.

पहिला फ्यूज काढला, हेडलाईटचा. लाल तसाच. हॉर्नचा काढला, वायपरचा काढला. तसाच. प्रत्येक फ्यूज काढून ओळीनं फडक्यावर ठेवला, कुठला कुठं बसतो ते विसरू नये म्हणून. शेवटचा काढला. पेटीत एकही फ्यूज नाय, आणि बल्ब लाल.

अर्धा तास मी तसाच बसलो. वाटलं चाचानं येड्यात काढलं. बल्ब बदलला, तोही पेटला. बद्री म्हणला, "भुताटकी हाय ही, लिंबू बांध." आशाबाई तांदळातून मान वर न करता म्हणल्या, "पेटीतनं येत नसंल तर पेटीच्या बाहिरून येत असंल. आमच्या नळाला मीटर बसवला तव्हा शेजारनीनं मीटरच्या आधीच पाईप जोडला व्हता."

मी मग परत सीटखाली वाकलो. बॅटरीच्या प्लसला जाड तारा येतात, त्या सगळ्या ओळखीच्या. त्यांच्या खालून एक बारीक लाल तार, मळून काळी झालेली, त्यामुळं इतके दिवस दिसली नव्हती. हात लावत लावत गेलो. मॅटच्या खालून, पत्र्याच्या कडेनं, वर डॅशबोर्डच्या मागं. मधी एक सांधा. सांध्यावर टेप नव्हता. सायकलच्या ट्यूबची पट्टी, ओली असताना ताणून गुंडाळलेली, टोकाला दोऱ्याची दुहेरी गाठ.

असा सांधा जगात एकच माणूस मारतो. बा म्हणायचा, टेप उन्हात सुटतो, ट्यूब सुटत नाय. लहानपणी पट्ट्या कापून द्यायचं काम माझं होतं.

डॅशबोर्डच्या मागं हात घातला तर एक काळी डबी, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, आणि तिच्या शेजारी एक रिले, म्हणजे करंटनं चालणारं बटण. रिले कोमट होता. कालपासून गार हवेत गाडी उभी आणि आत एक वस्तू कोमट. डबी उघडली, आत सिमकार्ड.

बद्रीनं शिट्टी वाजवली. "जीपीएस हाय ना भाऊ. तुझ्यावर नजर हाय कुणाची तरी."

दुपारी रिलेही तारांसकट सोडवला, डबीसोबत खिशात घातला आणि बसनं उस्मानपुऱ्याला गेलो. गाडी गावाहून कशी आणली तेही चाचांना सांगितलं. चाचांनी उलटी-सुलटी करून बघितली. म्हणले, डबी जास्त पीत नाय, पिणारा रिले आहे. तो उलटा जोडलाय, त्यामुळं चोवीस तास ओढून बसतो; बॅटरी म्हातारी, त्यात थंडी, म्हणून आत्ता दिसलं. आणि सरळ बॅटरीवर, मधी फ्यूज नाय. मग मला विचारलं, रिले कशाचा ते माहीत आहे का.

"नाय."

"इंजिन बंद करने का. जिसके पास इसका नंबर है, वो घर बैठे एक मेसेज डालेगा, तेरी गाडी जागेपर बंद. जिसने लगाया, वो चाहता तो तेरी गाडी उस दिन गाव की हद पार नै करती."

मी डबी परत हातात घेतली. ते डोळे बारीक करून म्हणले, "बाप ने लगाया?"

मी होय म्हणून मान हलवली. ते हसले. का हसले माहीत नाय. पैसे घेतले नाहीत. घरी येऊन त्यांनी सांगितली तशी इंजिनची लाईन तात्पुरती पिळून जोडली.

संध्याकाळी मायचे तीन फोन. उचलले नाय. पाच महिने मला चोर म्हणतात आणि माझ्यामागं हेर बसवलाय.

२४ जानेवारी, शनिवार

अर्ध्या सेल्फला चालू. गेटवर सहा पन्नासला. सुलेखाताई म्हणल्या, "आज गाडीनं अंघोळ केली वाटतं." खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता.

साडेसातला फोन वाजला. घरचाच नंबर. माय असेल म्हणून उचलला. बा होता. पाच महिन्यांनी. जयभीम नाय, काय नाय.

"गाडी कुठं हाय?"

"गेटवर."

"मग दिसत का नाय?"

"तुमची मशीन काढून टाकली म्हणून. चोराच्या मागं पोलीस लावले होते ना तुम्ही? घ्या, पोलीस गेला."

तिकडं मागं कोंबडी ओरडत होती. मग तो म्हणला, "फ्यूज टाकायचा राहिला व्हता माझा. त्यानं पितंय का?"

"रिलेनं पितंय. उलटा जोडला तुम्ही."

"नजर गेली व्हती तव्हा. हातानं जोडला."

मला राग आला होता तो जाऊ द्यायचा नव्हता. म्हणलं, "एक मेसेज टाकला असता तर बंद पडली असती. चोर नेतोय हे दिसत होतं ना? का नाय टाकला?"

"चालत्या गाडीला?" तो म्हणला. "मागून ट्रक आला म्हंजे?"

"उभी असताना टाकायचा."

"उभी असताना कशाला टाकू?" असं म्हणून त्यानं फोन मायकडं दिला. माय म्हणली, "जेवलास का?"

म्हणजे ट्रकनं गाडी फुटली असती ही काळजी. ठीक आहे. गाडी त्याचीच आहे.

२५ जानेवारी, रविवार

विशाखाचा फोन. बहीण माझी, बारावीला आहे, तिच्याच मोबाईलमध्ये ते सगळं दिसतं. आधी मी तिलाच झापलं. तिनं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणली, "झालं का दादा? आता ऐक."

मी गावात पहिल्यांदा लग्नाची वरात सोडायला गाडी नेली होती, त्यानंतर काही दिवसांनी बानं हिंगोलीहून ती मशीन आणली. म्हणजे दोन वर्षं होत आली. मी नेल्यावर नाय, आधीच. बाला मोबाईल वापरता येत नाय, ठिपका तर दिसतच नाय. रोज पहाटे तो तिच्या उशाशी येऊन बसतो आणि विचारतो, "गाडी निघाली का?" ती बघून सांगते. मग विचारतो, "गाडी पोचली का?" पोचली म्हणलं की चहा घेतो. परत संध्याकाळी, "गाडी घरी आली का?"

"दोन शनिवार ठिपका गेला तेव्हा मायला फोन लावायला कोणी सांगितलं असं वाटतं तुला?" ती म्हणली. "स्वतः बोलायला काय होतं ते त्यांनाच विचार."

मी म्हणलं, गाडीवर लई जीव आहे बाचा.

ती मग म्हणली, "व्हय. गाडीवरच."

सिमचं रिचार्ज महिन्याला एकशे नव्व्याण्णव. महिना भरला की बा चालत सेनगावला जाऊन मारून येतो, म्हणे. अधू नजरेनं, डांबरी रस्त्याच्या कडंनं.

कालपासून तो चहा घेत नाय असंही म्हणली. नाटकं.

२६ जानेवारी, सोमवार

कंपनी बंद. काही करायला नव्हतं म्हणून वहीची पुढची पानं वाचली. आधी नुसते किलोमीटर. मग जिथून मी गाडी चालवायला लागलो तिथून अक्षर बदलतं, मोठं होतं, ओळ सोडून जातं. नजर जायला लागली असेल. आणि किलोमीटरच्या जागी असं लिहिलंय:

"१४ एप्रिल. साम्या. मिरवणूक. रा. २.४०."
"२० एप्रिल. साम्या. वरात. रा. ३.१०."
"२१ एप्रिल. साम्या. वरात. रा. १.५५."

माझ्या घरी यायच्या वेळा. मला वाटायचं झोपलाय. किलोमीटर सोडून माझी हजेरी मांडली होती. पुढं एकच ओळ, "३ मे. मशीन बसवली." त्यानंतर वेळा नाहीत. कंटाळला असेल.

२८ जानेवारी, बुधवार

डबी खिशातच आहे. माल उतरवताना मांडीला टोचते. बद्री म्हणतो विकून टाक. फेकून पण द्यावीशी वाटत नाय आणि ठेवावीशी पण वाटत नाय.

मायचा फोन नाय. गाडी चालू असल्यावर येत नाय म्हणून की काय, पण ठिपका तर नाय. काय करत असतील?

३० जानेवारी, शुक्रवार

बसवली.

रिले परत लावला नाय, इंजिनची पिळलेली लाईन पक्की जोडली. आता बाला गाडी बंद करता येणार नाय. डबीला बॅटरीजवळ बारका फ्यूज टाकला, तार पत्र्याला घासू नये म्हणून नळीतून नेली. मग बल्ब लावून बघितला. हातानं आडोसा केला, डोकं फडक्याखाली घातलं. बल्ब अंधारा. नुसती डबी इतकं थोडं पिते की बल्बालाही कळत नाय.

बद्री चहा पीत बघत होता. "येड्या, धड चालणाऱ्या गाडीला परत जळू लावतोस? उद्या परत शनिवार हाय. मेली ना, तर मी धक्का मारणार नाय."

"नको मारू."

"कशाला पण? बाप बोलत तरी हाय का?"

मी म्हणलं, गाडी चोरीला गेली तर सापडायला पाहिजे. त्याला ते पटलं. मलाही पटलं.

सांध्याला टेप लावणार होतो, पण आशाबाईंच्या पोराच्या सायकलची फुटकी ट्यूब अंगणात पडली होती. पट्टी कापली, ओली केली, ताणून गुंडाळली. दुहेरी गाठ. टेप उन्हात सुटतो.

३१ जानेवारी, शनिवार

रात्रभर नीट झोप नाय. दोनदा उठून खिडकीतून गाडी बघितली, जशी काही बघून बॅटरी भरते. पाच चाळीसला चावी घातली. आधी काही वेळ सेल्फच मारला नाय, नुसता बसलो. तिसरा उशीर आज झाला असता तर दोष कोणावर टाकायचा हे मी काल रात्रीच ठरवून ठेवलं होतं.

अर्ध्या सेल्फला चालू.

चौकात पाचही जणी. सहा अठ्ठेचाळीसला गेटवर. सुलेखाताईंनी उतरताना चिवड्याची पुडी पुढं ठेवली. रामकिसनशेठ गेटवर भेटला, म्हणला पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या पाळीच्या पाच जणी पण तूच घे.

साडेसातला फोन. घरचा नंबर. उचलला, तर तिकडून कोणी बोलेना. कोंबडी ओरडत होती, आणि बशीतून चहा ओढल्याचा आवाज आला. मी म्हणलं, "हॅलो?" फोन बंद. रेंज गेली असेल. आमच्या गावात रेंजची बोंब आहेच.

दुपारी विशाखाच्या खात्यावर पैसे टाकले. तिला सांगितलं, माझ्याकडून म्हणून बाला काही बोलू नको, उगाच वाद नको. फक्त सांग, या महिन्याला सेनगावला चालत जाऊ नका, घरूनच होईल. घराला दर महिन्याला तीन हजार जातात. या वेळी पाठवले तीन हजार एकशे नव्व्याण्णव.